आठ बुधवारांचा गट आणि गच्चीवरची थंडी

गेल्या दोन महिन्यांत तिघांनी मला एकच विचारलं: दीर्घ आजार असलेल्या समलिंगी पुरुषांना ताण हाताळायला शिकवणारा तो बुधवारचा ऑनलाइन गट खरंच कामाचा आहे का? तिघेही माझ्यासारखेच समलिंगी आणि तिघांनाही जन्मभर सोबत राहणारं दुखणं. एकाला मधुमेह, एकाला सोरायसिस आणि तिसरा माझ्यासारखाच सिकलसेलवाला, कामठीचा. प्रत्येकाला फोनवर तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढतो.

गटाचं नाव इथे देणार नाही. नाव बाहेर घ्यायचं नाही, असं पहिल्याच बैठकीत आम्ही आठही जणांनी कबूल केलं होतं. त्या तिघांना ते मी खासगीत दिलंय. पण तुम्ही दुसऱ्या कुठल्या गटात जाणार असाल तरी आधी काय बघून घ्यावं, हे यातून कळेल.

माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं समजणार नाही. मी चौतीस वर्षांचा. नागपुरात इंदोऱ्याला आई-बाबांसोबत राहतो, वाडीला एका ट्रान्सपोर्ट कंपनीत हिशेब लिहितो. मला सिकलसेल एसएस आहे, म्हणजे आई आणि बाबा दोघांकडूनही आलेला. विदर्भात हे समजावून सांगावं लागत नाही, पण पुण्या-मुंबईकडच्यांसाठी सांगतो. रक्तातल्या गोल लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक नसांमध्ये अडकतात. निरोगी माणसाची लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, आमची १० ते २० दिवस. पेशी अडकल्या की तिथे रक्त पोचत नाही आणि हाडात घण घातल्यासारखं दुखायला लागतं. त्याला आम्ही 'क्रायसिस आला' म्हणतो. थंडी, पाणी कमी पडणं, ताप, अति दगदग आणि मनावरचा ताण यांनी तो येतो. रोज फॉलिक ॲसिड, रोज हायड्रॉक्सीयुरिया, बॅगेत कायम पाण्याची बाटली. डाव्या खुब्याचं हाड थोडं झिजलेलं आहे, म्हणून जिने चढताना मी एक हात कठड्यावर ठेवतो.

दुसरी गोष्ट घरात कुणाला माहीत नव्हती. मला पुरुष आवडतात हे मला सतराव्या वर्षी कळलं. लग्नाचा विषय निघाला की मी सिकलसेल पुढे करायचो. 'माझ्यासारख्याशी कोण मुलगी लग्न करेल, आणि कशाला कुणाच्या लेकीचं नुकसान करायचं,' एवढं म्हटलं की आई गप्प व्हायची, डोळे पुसायची. दहा वर्षं हे चाललं. मग २०२३च्या जुलैत केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, हा आजार जास्त असलेल्या भागांत चाळिशीपर्यंतच्या लोकांची तपासणी व्हायला लागली आणि आमच्या वस्तीतही त्याची माहिती सांगणाऱ्या ताई आल्या. त्यांनी आईला बरोबर तेच सांगितलं जे शास्त्र सांगतं: मुलगा एसएस असला तरी मुलगी एए, म्हणजे आई-बाप दोघांकडूनही सिकलसेल न आलेली असेल, तर एकाही लेकराला आजार होणार नाही, सगळी फक्त वाहक होतील. आईचा चेहरा उजळला. त्या आठवड्यापासून तिने एए मुलींची यादी करायला घेतली. तिच्या आनंदाकडे बघून माझ्या पोटात गोळा यायचा. माझा आडोसाच गेला होता.

त्या काळात मी शहरातल्या एका समुपदेशकाकडे गेलो होतो. नाव घेत नाही. चाळीस मिनिटं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, 'लग्न करून पहा, जबाबदारी आली की असे विचार राहत नाहीत.' सहाशे रुपये देऊन मी खाली उतरलो आणि पार्किंगमध्ये गाडीवर बराच वेळ नुसता बसून राहिलो. समलैंगिकता हा आजार नाही असं इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने २०१८मध्ये जाहीरपणे सांगितलंय. ती बदलण्याचे उपचार करणं हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२मध्ये स्पष्ट केलं. हे मला तेव्हा माहीत असतं तर पैसे देण्याआधी त्यांना विचारलं असतं.

म्हणून या गटाच्या आधीच्या पंचवीस मिनिटांच्या कॉलवर मी पहिला प्रश्न हाच विचारला: तुम्ही मला बदलायला सांगणार का? समोरच्या मॅडम म्हणाल्या, 'नाही. आणि घरी सांगा असंही आम्ही म्हणणार नाही. ते तुमचं तुम्ही ठरवाल.' हे दुसरं वाक्य ऐकून मी नाव नोंदवलं.

गट आठ आठवड्यांचा, दर बुधवारी रात्री साडेआठ ते दहा. आठ जण, सगळे मराठी बोलणारे, कॅमेरा लावायची सक्ती नाही. खरं नाव सांगायचं नसेल तर गावाचं नाव लावायचं, आणि मग सगळ्यांनीच तसं केलं. तेव्हापासून आम्ही एकमेकांना अकोला, कोल्हापूर, पुणे अशीच हाक मारतो. मी नागपूर. घेणारे दोघे: एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडम आणि त्यांच्यासोबत एक दादा. दादा स्वतः गे आहे आणि बरीच वर्षं एचआयव्हीसह जगतोय. नियमित औषधांमुळे त्याच्या रक्तात विषाणू चाचणीला सापडत नाही, आणि म्हणून संबंधांतून तो कुणाला जातही नाही, हे त्याने पहिल्या दहा मिनिटांत इतक्या साधेपणाने सांगितलं की आम्हा बाकीच्यांनाही तोंड उघडायचा धीर आला.

फी ३,२०० रुपये, पण चार पायऱ्या आहेत: पूर्ण, अर्धी, पाव किंवा काहीच नाही. कुठल्या पायरीवर बसायचं ते आपणच सांगायचं, पगाराचा कागद मागत नाहीत. मी अर्धी भरली.

अभ्यासक्रमाचा सांगाडा कुठून आला हेही त्यांनी सांगितलं. अमेरिकेत मायामी विद्यापीठात मायकेल अँटोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एचआयव्ही असलेल्या समलिंगी पुरुषांसाठी दहा आठवड्यांचे गट घेतले होते. त्यात शरीर सैल सोडायला शिकवायचे आणि विचार तपासायलाही. या गटाने ते आठ आठवड्यांवर आणलं, मराठीत केलं आणि त्याला संशोधक इलान मेयर यांची अल्पसंख्याक ताणाची, म्हणजे समलिंगींसारख्या संख्येने थोड्या असलेल्यांना सोसाव्या लागणाऱ्या जादा ताणाची, मांडणी जोडली. मेयर यांचं म्हणणं असं की ताण नुसता कुणी शिवी दिली की येतो असं नाही. शिवी मिळेल या धास्तीने येतो, लपवत राहण्याने येतो, आणि लोक म्हणतात ते आपल्याबद्दल खरंच असेल असं मनात बसलं की त्यानेही येतो.

हे ऐकताना मला वॉर्ड आठवला. दर वेळी भरती झालो की केसपेपर भरताना विचारतात, 'लग्न झालं?' प्रश्न साधाच. पण तो येणार हे ठाऊक असल्यामुळे मी दुखण्याने कळवळत असतानाही उत्तराची तयारी करत असायचो. मॅडमनी विचारलं, 'त्या तयारीला किती ताकद लागते?' मी कधी मोजलीच नव्हती.

आता खटकलेल्या गोष्टी. त्या सांगितल्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या बैठकीत घाबरगुंडी उडाली की काय करायचं ते शिकवलं: बर्फाचा खडा मुठीत धरा, नाहीतर थंडगार पाण्याने तोंड धुवा. पुष्कळांना त्याचा उपयोग होतो हे खरं. पण सिकलसेलवाल्याला गार पाणी म्हणजे आवतण! लहानपणापासून आईने मला कधी गार पाण्याने आंघोळ करू दिली नाही, मे महिन्यातसुद्धा नाही. मी तसं बोललो. मॅडम क्षणभर थांबल्या, 'चूक झाली' म्हणाल्या आणि माझ्यासाठी कोमट फडक्याचा पर्याय तिथल्या तिथे सुचवला. मग अकोला बोलला. त्याला टाईप वन मधुमेह आहे. घाम सुटणं, हात थरथरणं, छाती धडधडणं हे त्याला साखर खाली गेली तरी होतं. तो डोळे मिटून श्वास मोजत बसला तर बेशुद्ध पडेल. त्याने आधी बोटाला सुई टोचून साखर बघायची आणि श्वासाचं नंतर. हे दोन्ही मुद्दे तयारीत असायला हवे होते. 'दीर्घ आजार असलेल्यांसाठी' अशी पाटी लावली की प्रत्येक व्यायाम प्रत्येक आजाराला लावून बघायलाच पाहिजे.

एडमंड जेकबसन यांची स्नायू आवळून सोडण्याची जुनी पद्धतही शिकवली. माझा खुबा आवळला की कळ येते. दादाने माझ्यासाठी आवळणं काढून टाकलं: नुसतं लक्ष त्या जागी न्यायचं आणि श्वास सोडताना ती जागा सैल सोडायची. आज मी एवढं एकच रोज न चुकता करतो, वाडीच्या बसमध्येसुद्धा.

आणि मराठी. कागदांवरची मराठी इंग्रजीतून जशीच्या तशी उतरवलेली होती. 'स्वयंचलित नकारात्मक विचार' असं वाचून कोल्हापूरने विचारलं, 'हे मशीनचं काय हाय?' दादाने ते 'आपसूक येणारे वाईट विचार' असं करून दिलं आणि सगळ्यांना लगेच समजलं. सरावाच्या ध्वनिफिती तर निम्म्या हिंदीत होत्या. फी घेता तर हे नीट करा, असं मी शेवटच्या बैठकीत लिहून दिलंय.

तिसरा बुधवार जानेवारीच्या शेवटचा. आमचं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत बाबांची टीव्हीवर बातमी, आतल्या खोलीत आईचा स्वयंपाक. बैठकीला बसायचं कुठे? पहिले दोन्ही बुधवार मी गच्चीवर बसलो होतो, अंगात स्वेटर, कानात इयरफोन, पाण्याच्या टाकीला पाठ लावून. त्या रात्री गार वारा सुटला होता. खालून आईने हाक मारली, 'काहून रे, एवढ्या थंडीत वर काय करून रायला?' मी म्हणालो, 'ऑफिसचा कॉल हाय, आई.' साडेनऊला बोटं बधिर व्हायला लागली. विषय रंगला होता, पुण्याचा मुलगा पहिल्यांदाच बोलत होता, उठवेना. पाणीही प्यायलो नव्हतो, कारण पाण्यासाठी खाली जावं लागलं असतं आणि आईने चार प्रश्न विचारले असते.

रात्री एकला कमरेत सुरू झालं. दोनपर्यंत दोन्ही मांड्यांत उतरलं. बाबांनी ऑटो बोलावला. तीन दिवस सलाईन आणि इंजेक्शनं. ज्या रुग्णालयात होतो तिथे एक कर्मचारी दुसरीला म्हणाली, 'हे तर इंजेक्शनच्या सवयीने येते.' सिकलसेलवाल्या प्रत्येकाने हे वाक्य कधी ना कधी ऐकलंय. आई उशाशी बसून पाय चोळत होती आणि पुन्हा पुन्हा म्हणत होती, 'म्या सांगितलं होतं ना, थंडीत नको बसू.' ती खरं बोलत होती, आणि मी का बसलो होतो हे तिला सांगू शकत नव्हतो.

दोन बैठकींच्या मधे गटाकडून तातडीची मदत मिळत नाही. मेसेजला चोवीस तासांत उत्तर देतो, त्याहून लवकर हवं असेल तर टेली-मानसच्या १४४१६ वर फोन करा, हे त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केलं होतं. ही सरकारी सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. मी दवाखान्यातून फक्त 'पुढच्या बुधवारी बहुतेक जमणार नाही' एवढं कळवलं. शनिवारी मॅडमचा फोन आला. तब्येत विचारली आणि मग म्हणाल्या, 'तुम्ही बैठकीला कुठे बसला होतात?'

मी सांगितलं. पलीकडे शांतता. मग त्या म्हणाल्या, 'हे मी पहिल्या कॉलवरच विचारायला हवं होतं.'

त्यांनी अर्जात माझी औषधं विचारली होती, रक्तगट विचारला होता, जवळच्या माणसाचा नंबर घेतला होता. बसणार कुठे, हे विचारलं नव्हतं. या गटाची माझ्या मते ही सगळ्यात मोठी चूक. आणि ती दुरुस्त कशी केली, त्यामुळेच मी टिकलो.

चौथी बैठक मी पलंगावर पांघरूण घेऊन ऐकली, एक शब्दही न बोलता. सुरुवातीलाच मॅडमनी विचारलं, आज कोण कुठे बसलंय? अकोला पार्किंगमध्ये गाडीत. कोल्हापूर बाथरूममध्ये, नळ बारीक सोडून. पुणे ऑफिसच्या जिन्यात. एक जण शेतातल्या पंपघरात. आणखी एक मित्राच्या मेडिकल स्टोअरच्या गोदामात, खोक्यांच्या मधे. अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याचं जुनाट दुखणं असलेला एक जण म्हणाला, 'मी घरीच आहे, कारण मला दर पंधरा मिनिटांनी उठावं लागतं. पण बायको बाहेरच्या खोलीत आहे म्हणून मी चार आठवडे फक्त टाईप करतोय.' आठ जणांत दार लावून निवांत बसलेला एकच होता. आम्ही ताण कमी करायला जमलो होतो आणि सात जण चोरासारखे बसलो होतो.

त्या दिवशी ठरलेला धडा बाजूला ठेवला आणि पूर्ण दीड तास फक्त जागेवर बोलणं झालं. बदलता येतं ते कोणतं आणि बदलता येत नाही ते कोणतं, हे वेगळं करायचं हे त्यांच्या अभ्यासक्रमात आहेच. आईची मुलींची यादी मी त्या आठवड्यात थांबवू शकत नव्हतो. पण बुधवारी दोन तास एक गरम खोली, जिथे दार लागतं आणि हाताशी पाणी आहे, हे मिळवता येण्यासारखं होतं. दादा म्हणाला, 'खोली मागायला सगळं सांगावं लागत नाही. फक्त खोली माग.'

माझी मोठी बहीण मनीषनगरला राहते. मी फोन केला, 'ताई, दर बुधवारी दोन तास तुझी मागची खोली देशील? दार लावून बसेन. कशाला ते आत्ता विचारू नको.' ती म्हणाली, 'हाव, ये ना.' बस. इतकी वर्षं मला वाटायचं की असं काही मागितलं तर सगळंच उघडं पडेल. पुढच्या बुधवारी ऑफिसातून घरी येऊन इंदोरा चौकातून मेट्रो धरली आणि थेट जयप्रकाशनगरला उतरलो. मेट्रोच्या एसीसाठी स्वेटर सोबत होताच. ताईने खोलीत हीटर लावून ठेवला होता, तांब्याभर पाणी होतं, आणि भाच्यांना बाहेर हाकललं होतं.

पाचव्या बैठकीत मी जे बोललो ते मी कधीच कुणासमोर बोललो नव्हतो. सिकलसेलच्या पुरुषांमध्ये एक त्रास असतो, ज्याचं नाव घ्यायला कुणी धजत नाही. त्याला प्रायापिझम म्हणतात. मनात काहीही नसताना लिंग ताठरतं आणि तासन् तास तसंच राहतं, कारण तिथेही वाकड्या पेशी अडकतात. भयंकर दुखतं. चार तासांहून जास्त टिकलं तर ताबडतोब दवाखाना गाठायचा असतो, नाहीतर कायमचं नुकसान होऊ शकतं. मला पहिल्यांदा झालं तेव्हा मी बावीसचा होतो. सहा तास मी कुणाला सांगितलं नाही. मला वाटलं, मी पुरुषांबद्दल विचार करतो त्याची ही शिक्षा आहे. खरंच असं वाटलं. शिकलेला माणूस, बी.कॉम., आणि हे. शेवटी बाबांना सांगितलं, त्यांनी मान खाली घालून गाडी काढली.

हे सांगून झाल्यावर मी बराच वेळ स्क्रीनकडे बघितलं नाही. मग मॅडमनी अगदी सरळ, डॉक्टरी भाषेत समजावलं की याचा इच्छेशी संबंध नाही, पेशींशी आहे. पुढच्या भेटीत रक्ताच्या डॉक्टरांना काय विचारायचं, ते त्यांनी लिहूनही दिलं. एवढ्या एका गोष्टीसाठीही मी पूर्ण फी भरली असती. सिकलसेल असलेल्या कुणा मुलाच्या घरचं हे वाचत असेल तर त्याला चार तासांचं हे आजच सांगा. लाजेपायी सहा तास थांबू देऊ नका.

सहाव्या बैठकीत मात्र एक कडवट प्रसंग झाला. आपापल्या आजाराला लोक काय म्हणतात यावर बोलणं चालू होतं. एक जण म्हणून गेला, 'सिकलसेल म्हणजे त्या विशिष्ट लोकांमध्येच असतो ना.' त्या विशिष्ट लोकांमधला मी. आमच्या घरी तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर रोज सकाळी मेणबत्ती लागते. विदर्भात हा आजार आदिवासींमध्ये आणि आमच्या समाजात जास्त आढळतो, हे आकडेवारी म्हणून खरं आहे. पण त्याचा सूर आकडेवारीचा नव्हता. मी गप्प झालो. मॅडम आणि दादा, दोघांनीही ते पुढे जाऊ दिलं. दोन मिनिटांनी पंपघरातला मुलगा म्हणाला, 'मॅडम, मघाशी जे बोललं गेलं त्यावर थांबायला पाहिजे.' तेव्हा कुठे ते थांबले. सातव्या बैठकीच्या सुरुवातीला त्या माणसाने माफी मागितली, मनापासून मागितली असं मला वाटलं. पण ते थांबवायचं काम गट घेणाऱ्यांचं होतं. अल्पसंख्याक ताण शिकवायचा आणि जात ऐकू आली की कान बंद करायचे, हे महाराष्ट्रात चालणार नाही. हेही लिहून दिलंय.

रोजनिशीबद्दल सांगायचं राहिलं. रोज चार ओळी: काय झालं, अंगात काय झालं, दुखणं शून्य ते दहामध्ये किती, आणि आज काय लपवलं. माझा धंदाच हिशेबाचा, मी रकाने आखून लिहिलं आणि पाणी किती प्यायलो हा एक रकाना आपणहून वाढवला. सहा आठवड्यांत दुखणं पाचच्या वर गेलेले नऊ दिवस निघाले. त्यांतल्या सहांच्या आदल्या दिवशी मी कुठल्या ना कुठल्या समारंभात होतो: साक्षगंध, बारसं, चुलतभावाची हळद. समारंभात मी बसतच नाही. बसलो की काका-मामा विचारतात, 'तुझं कधी?' म्हणून मी वाढायला लागतो, खुर्च्या उचलतो, दिवसभर पायांवर असतो आणि पाण्याच्या रकान्यात अर्धा लिटर. मॅडम म्हणाल्या, 'ताण थेट रक्तात शिरतो की नाही ते शास्त्रज्ञ बघतील. तुम्ही त्या दिवशी पाणी कुठे चुकलं ते बघा.' आता लग्नात गेलो की मी कोपऱ्यातली खुर्ची धरतो, बाटली मांडीवर ठेवतो आणि कुणी विचारलं तर म्हणतो, 'डॉक्टरांनी बसायला सांगितलंय.' हे तर खोटं नाहीच. मार्च-एप्रिल मिळून एकदाही भरती व्हावं लागलं नाही. याचं श्रेय गटाला किती आणि सरलेल्या थंडीला किती, हे मी ठरवू शकत नाही.

सातव्या बुधवारी बैठक संपल्यावर मी ताईला सांगितलं. खोलीबद्दलही आणि माझ्याबद्दलही. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. तिने गॅस बारीक केला, बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'भाऊजींना सांगू का नको?' मी म्हणालो, आत्ता नको. ती म्हणाली, 'बरं. आईच्या त्या यादीचं म्या पाहते.' आणि तिने पाहिलं. काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण यादी आता आईच्या डब्यातून बाहेर निघत नाही. आईला मी अजून सांगितलेलं नाही. गटात कुणी त्यावरून मला टोकलंही नाही.

पाचपैकी किती, असं विचारलंत तर चार. एक गुण बर्फ, कागदांची मराठी आणि सहाव्या बैठकीतली ती दोन मिनिटं यांसाठी कापला. शिवाय आठव्या आठवड्यानंतर एकदम सगळं थांबतं, नंतर महिन्यातून फक्त एक तास भेट असते, ती अपुरी आहे. दिवसाचा दीड जीबीचा पॅक असेल तर बुधवारी दिवसभर जपून वापरा. समोरासमोरच बोलायचं असेल तर नागपुरात सारथी ट्रस्ट आपल्यासारख्या समलिंगी लोकांसाठी अनेक वर्षं काम करतेय, तिथे आधी जाऊन या. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ तुम्हाला गोपनीयतेचा हक्क देतो आणि लैंगिक कलावरून भेदभाव करायला मनाई करतो, हे कुठेही गेलात तरी लक्षात असू द्या. आणि क्रायसिस चालू असेल तर कुठलाही गट, कुठलाही श्वासाचा व्यायाम नको. पाणी, ऊब, गोळी आणि दवाखाना.

परवा कामठीच्या मुलाने अर्ज भरायला घेतला आणि मला त्याचा स्क्रीनशॉट पाठवला. औषधांच्या रकान्याखाली एक नवा प्रश्न आलाय: 'बैठकीच्या वेळी तुम्ही कुठे बसणार? तिथे दार लागतं का? तिथली थंडी किंवा ऊन तुमच्या आजाराला चालतं का?' त्याने विचारलं, 'दादा, इथे काय लिहू?' एका खोलीत ते पाच जण राहतात.

मी ताईला फोन केला. ती म्हणाली, 'बुधवारीच ना? ये म्हणा त्याले.'